लिंबातलं रक्त आम्हाला 31 हजारांना पडलं

वडील गेले त्या वर्षी म्हैस आटली आणि भावाचं ठरलेलं लग्न मोडलं. आई म्हणाली, "एकदा महाराजांना दाखवून तरी येऊ." मी केमिस्ट्रीत बीएस्सी. तरी गेले.

नंबर लागायला दोन तास. शेजारी बसलेल्या बाईचंही म्हणे आमच्यासारखंच झालेलं. आईनं तिच्यापाशी मन मोकळं केलं, अगदी बांधावरून धाकट्या जावेशी बोलणं नाही इथपर्यंत. आत गेलो तर महाराजांनी काही न विचारता म्हैस सांगितली, लग्न सांगितलं. आईचे हात थरथरायला लागले. मग लिंबू कापलं, तर फोडीतून लालभडक रस. "करणी आहे. तुमच्याच भावकीतली बाई, घराच्या उगवतीला राहते." उगवतीला काकूचं घर.

उतारा 1,100. नारळ फोडून आतून केस काढले, त्याचे 9,900. अमावास्येच्या पूजेचे 20,000, त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या. वर ताकीद : बाहेर बोललात तर घरातला कर्ता पुरुष जाईल. म्हणजे भाऊ. आठ महिने आम्ही कुणापाशी ब्र काढला नाही. होळीला काकूनं पुरणपोळ्या पाठवल्या, आईनं त्या रात्री उकिरड्यात पुरल्या.

पुढे शाळेत अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा कार्यक्रम झाला. कार्यकर्त्यानं सुरीच्या पात्याला जास्वंदीचं फूल चोळलं, वाळू दिलं आणि लिंबू कापलं. लाल! आम्लानं रंग बदलतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. नारळाच्या डोळ्यातून केस सरकवून भोक बुजवतात. नंतर मी मुद्दाम तिकडे गेले, तर ती 'समदुःखी' बाई दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकत बसली होती.

असं कुणी घरच्याच माणसाकडे बोट दाखवून तोंड बंद ठेवायला सांगत असेल, तर तिथूनच उठा. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, आणि पोलीस निरीक्षक दक्षता अधिकारी असतो, त्यालाच भेटा. आम्ही सगळे पैसे रोख दिले, फोनवरचं बोलणंही ठेवलं नाही. तुम्ही ठेवा.

तक्रार लिहून तयार आहे, आईची सही बाकी. परवा तिच्यासमोर जास्वंद चोळून लिंबू कापलं. ती लाल थेंबांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुझं खोटं गं. त्यांचं खरं होतं."