एलआर४४ की एसआर४४? जुन्या फिल्म कॅमेऱ्याचा सेल निवडताना

मोठ्या बाबांचा निकॉन एफएम२ आता माझ्याकडे आहे. त्याला दोन बटण सेल लागतात. एलआर४४ आणि एसआर४४ दोन्ही मापाने सारखेच, ११.६ बाय ५.४ मिलिमीटर, आणि दोन्ही त्यात चालतात.

एलआर४४ अल्कलाइन. आठवडी बाजारात खेळण्यांच्या दुकानावरही मिळतो, स्वस्तात. पण त्याचा दाब १.५ व्होल्टपासून वापरागणिक हळूहळू उतरत जातो. ज्या जुन्या कॅमेऱ्यांचं उजेड मोजणारं मीटर या उतारावर चुकतं, त्यात काटा खोटं सांगू लागतो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. पऱ्हाटीच्या वावरात पांढऱ्या बोंडांवर एक्स्पोजर मोजणं तसंही अवघड; त्यात मीटर चुकलं तर अख्खा रोल वाया. शिवाय अल्कलाइन सेल गळतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात कॅमेरा पत्र्याखालच्या कपाटात विसरला, तर सेलला टेकणारी पत्री हिरवी झालीच म्हणून समजा.

एसआर४४ सिल्व्हर ऑक्साइडचा. महाग आहे, पण १.५५ व्होल्ट जवळजवळ शेवटपर्यंत धरून ठेवतो आणि मग एकदम बसतो. मला हेच आवडतं. घड्याळवाल्याकडे ३५७ नंबर मागा, तोच सेल.

एफएम२चं शटर यांत्रिक आहे. सेल संपला तरी फोटो निघतो, फक्त मीटर बंद पडतं. शटरच सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात मात्र मी एसआर४४च घालीन आणि खिशात जोडी जादा ठेवीन.

मूळ १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांना हा हिशेब लागू नाही.