टाको खाताना आता मी आधी टॉर्टिया बघते

या मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा पाऊण तास दारात उभी होते. आत टेबलं एकमेकांना खेटून, आवाज इतका की समोरच्याचं बोलणं ऐकू येईना, आणि मेन्यू हातात आल्यावर काही उलगडेना. शेवटी शेजारच्या टेबलावर दिसला तोच टाको मागवला: मक्याच्या पातळ पोळीचं, म्हणजे टॉर्टियाचं, तळलेलं कडक कुरकुरीत शेल, आत सारण, वर किसलेल्या चीजचा ढीग. दुसऱ्या घासाला शेल मधोमध फुटलं आणि सगळं सारण ताटात सांडलं. चव बरी होती, पण एवढी गर्दी कशासाठी, ते काही कळलं नाही. त्यानंतर आठ महिन्यांत वीसेकदा तरी गेले असेन. आता कळतं. आणि कधी जायला नको, तेही कळतं.

ते कडक शेल मी परत मागवलं नाही. मेक्सिकोतही कुरकुरीत टाको असतात, पण ते आधी भरतात आणि मग तळतात. आधीच वाकवून तळून ठेवलेलं शेल फोफावलं ते अमेरिकेत. तसं शेल तळायच्या साच्याचं पेटंट न्यूयॉर्कमध्ये रेस्टॉरंट चालवणाऱ्या हुवेन्सियो मालदोनादो यांना १९५० मध्ये मिळालं होतं. या रेस्टॉरंटचं खरं कसब मऊ टॉर्टियात आहे. मला ते तिसऱ्या-चौथ्या खेपेला समजलं, तेही भट्टीसमोरची जागा मिळाली म्हणून.

तिथे एक बाई मक्याच्या ओल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा घेतात, प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाकडी प्रेसखाली दाबतात आणि सपाट तव्यावर, म्हणजे कोमालवर, सोडतात. एकदा उलटली, दोनदा उलटली, मग बोटांच्या टोकांनी मध्यावर हलकेच थोपटलं की टॉर्टिया टम्म फुगते. फुगली की पीठ जमलं. त्या पिठाला स्पॅनिशमध्ये ‘मासा’ म्हणतात. माशांशी त्याचा काही संबंध नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी सालं धुऊन काढतात आणि दाणे ओलेच वाटतात. ही निक्स्तमालची रीत काही हजार वर्षांची आहे. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, तो खास वास येतो आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला, पण ही रीत सोबत गेली नाही. जिथे गरिबांचं जेवण मक्यावरच आलं, तिथे पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडल्याने होणारा आजार, पसरला. हे माहीत झाल्यापासून त्या तव्यावरच्या वासाकडे माझं लक्ष आपोआप जातं.

टॉर्टिया दोन-दोन देतात, ते उगाच नाही. रसाने वरची भिजली तरी खालची धरून ठेवते, आणि जे सांडतं त्याचा खालच्या टॉर्टियात आणखी एक छोटा टाको होतो.

आता तक्रार. शनिवार-रविवारी हीच टॉर्टिया वेगळी असते. गर्दीला पुरं पडावं म्हणून आधीच भाजून फडक्यात रचून ठेवतात; ती वाफेने आधी ओलसर होते, मग दुमडली की कडेला चिरते. मी मॅनेजरना शांतपणे सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं, दोन आठवडे फरकही दिसला, नंतर पुन्हा तेच. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक लोक सुट्टीच्या दिवशीच पहिल्यांदा येतात आणि तेवढ्यावरच मत बनवून जातात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. माझा भाऊ मांस खात नाही. वाटलेल्या बीन्समध्ये काय आहे, असं त्याने विचारलं, तर वेटर म्हणाला, शुद्ध शाकाहारी. त्याने ते दोनदा खाल्ले. तिसऱ्या वेळी दुसऱ्या मुलीने आपणहून सांगितलं की त्यात डुकराची चरबी असते. मेक्सिकन स्वयंपाकात ती जुनी, सर्रास चाल आहे, गव्हाच्या टॉर्टियातही असते. चूक चरबी वापरण्यात नाही, माहीत नसताना ठामपणे सांगण्यात आहे. शाकाहारी असाल तर ‘व्हेज आहे का’ एवढंच विचारू नका. चरबी कशात आहे ते विचारा, आणि थेट स्वयंपाकघरात विचारायला सांगा.

अल पास्तोरसाठी मात्र मी कितीही थांबेन. गिरमिटासारख्या उभ्या सळईवर लाल मसाल्यात मुरलेल्या डुकराच्या मांसाचे थर, वर अननस. लेबनॉनमधून मेक्सिकोतल्या पुएब्ला भागात आलेल्या लोकांनी उभ्या सळईवर मांस भाजायची पद्धत आणली, आणि तिला सुक्या मिरच्या नि अचिओते नावाच्या लाल बिया मिळून हा प्रकार झाला. संध्याकाळी लवकर गेलात तर सळई नुकतीच तापलेली असते, मांस नुसतं शिजल्यासारखं लागतं. आठच्या सुमारास बाहेरची कड करपायला लागते, तेव्हाचे पातळ काप घ्यावेत. पण उशीर झाला की टॉर्टिया रचून ठेवलेल्या. म्हणून माझी वेळ ठरलेली: आठवड्याच्या मधला वार, आठ वाजता.

साल्सा, म्हणजे चटण्या, तीन येतात. रंगावर जाऊ नका. गडद लाल दिसते ती भाजल्या मिरचीची धुरकट आणि सौम्य, हिरवी तोमातियो या हिरव्या टोमॅटोसारख्या फळाची आंबट, आणि केशरी हाबानेरो या जहाल मिरचीची थेंबभरच घ्यावी. तोंड पोळलं तर पाण्याने काही होत नाही, तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. दुधाचं काहीतरी मागवा.

मेन्यू विनाकारण लांबलाय. मेक्सिको सिटीतल्या एल कालिफा दे लेओनला २०२४ मध्ये मिशेलिन या नावाजलेल्या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा तारा मिळाला, आणि १९६८ पासूनच्या त्या छोट्या टाकेरियात, म्हणजे टाकोच्या दुकानात, मिळतात फक्त चार प्रकारचे टाको. इथेही बरीटो, नाचोजची पानं सरळ उलटून पुढे जा. पार्सल तर नकोच. डब्यातल्या वाफेने दहा मिनिटांत टॉर्टियाचा लगदा होतो.

गेल्या बुधवारी भावाला पुन्हा घेऊन गेले. या वेळी तो स्वतः काउंटरशी जाऊन विचारून आला आणि निवडुंगाच्या भाजलेल्या पानांचे, म्हणजे नोपालचे, टाको मागवले. कोमालवरच्या बाईंनी त्याच्यासाठी नवा गोळा दाबला. टॉर्टिया फुगली, त्यांनी ती उचलून थेट त्याच्या ताटलीत टाकली, आणि तो सारण यायच्या आधीच एक तुकडा मोडून नुसताच, मीठ लावून खायला लागला.