घरच्या कम्प्युटरला अँटिव्हायरस कोणता? नऊ महिने वापरल्यानंतर

मागच्या जूनमध्ये मुलीच्या अकरावी प्रवेशाची कागदपत्रं पेन ड्राइव्हवर घेऊन इथे नागपुरात मानेवाड्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. प्रिंट काढल्या, घरी येऊन ड्राइव्ह कम्प्युटरला लावला, तर आत एकही फोल्डर दिसेना. नुसतं एक चिन्ह, त्याच्या कोपऱ्यात शॉर्टकटचा बारीक बाण, आकार २ केबी. मी ‘थांबा’ म्हणेपर्यंत बाबांनी त्यावर डबल क्लिक केलं होतं. आतल्या फाइली सगळ्या जागेवर दिसल्या, म्हणून ते निर्धास्त झाले. हा व्हायरस नेमका असाच फसवतो. खऱ्या फाइली लपवून शॉर्टकट पुढे करतो, तो उघडला की आधी स्वतः चालतो आणि मग आपल्या फाइली आपल्यालाच दाखवतो. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक पेन ड्राइव्हची तीच गत झाली.

कम्प्युटरवर विकतचा अँटिव्हायरस होता. पण त्याची मुदत एप्रिलमध्येच संपली होती. नूतनीकरणाची सूचना रोज यायची आणि बाबा रोज फुलीवर क्लिक करून ती घालवायचे. दोन महिने नवीन व्हायरसची ओळखच त्याला मिळाली नव्हती. घरात आम्ही सगळे मात्र ‘आपल्याकडे अँटिव्हायरस आहे’ याच समजुतीत होतो.

बर्डीच्या बाजारात चौकशीला गेलो. दुकानदार म्हणाला, “घेऊन टाका न जी, तीन वर्षांचं लावून देतो, टेन्शनच नाही.” घेणारच होतो, पण घरी येऊन आधी थोडं वाचलं. जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज या दोन प्रयोगशाळा अँटिव्हायरस नियमित तपासतात आणि निकाल फुकट वाचायला ठेवतात. विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर त्यांच्या घरगुती चाचण्यांत नावाजलेल्या विकतच्या नावांच्या बरोबरीने बसलेला दिसला. ठरलं. जुना अँटिव्हायरस त्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलने मुळासकट काढला आणि कम्प्युटर रीस्टार्ट केला. दुसरा अँटिव्हायरस गेला की डिफेंडर आपोआप जागा होतो. मग त्याचा ऑफलाइन स्कॅन चालवला. हा विंडोज सुरू होण्याआधी तपासतो, त्यामुळे चालू राहून लपणाऱ्या गोष्टी त्याच्या हाती लागतात. पेन ड्राइव्हवरच्या लपलेल्या फाइली मी कमांड प्रॉम्प्टवर अ‍ॅट्रिब कमांड देऊन बाहेर काढल्या. एकही गेली नव्हती.

डिफेंडर खरंच जागा आहे का, हे बाबांना डोळ्यांनी दाखवायचं होतं. त्यासाठी आयकार नावाची चाचणी-फाइल असते. अवघी ६८ अक्षरं, अगदी निरुपद्रवी, पण सगळे अँटिव्हायरस तिला व्हायरस समजून पकडतात. नोटपॅडमध्ये ती ओळ टाकून सेव्ह केली. क्षणभरात फाइल गायब, कोपऱ्यात सूचना हजर. बाबांनी मला ते पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं.

नऊ महिन्यांत सगळ्यात मोलाची वाटली ती एक सेटिंग, जी मुळात बंद असते. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये अगदी खाली रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) प्रोटेक्शन आहे, त्यात कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस. ती चालू केली की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांत ढवळाढवळ करता येत नाही. आमच्या जुन्या स्कॅनरचं सॉफ्टवेअरही तिथे सेव्ह करेना. अर्धा दिवस मी केबलच बदलत बसलो, मग प्रोटेक्शन हिस्टरीत कारण सापडलं आणि त्याला परवानगी दिली. असं एखाददुसऱ्या प्रोग्रामचं होणार, तेवढी तयारी ठेवा. आईचे जुने फोटो आणि बाबांचा सोसायटीचा हिशेब त्याच फोल्डरांत आहे, म्हणून मला हा त्रास चालतो.

आमचा कम्प्युटर ८ जीबी रॅमचा, डिस्क जुनी फिरती. फुल स्कॅन लागला की काम करणं अवघड. म्हणून टास्क शेड्यूलरमध्ये तो रविवारी सकाळी सहाला लावला आहे. आता तर ऊन वाढायला लागलंय. दुपारी खोली तापलेली असताना तासन् तास डिस्क घरघरत ठेवायला माझा जीव होत नाही.

नोव्हेंबरमध्ये मात्र वेगळीच गोष्ट झाली. बाबा ब्राउझरमध्ये काही शोधत होते आणि अचानक पूर्ण स्क्रीन लाल, मोठा भोंगा, ‘तुमचा कम्प्युटर लॉक झाला आहे’ आणि खाली फोन नंबर. “अरे, हे तं फोन करा म्हणते,” असं म्हणत त्यांनी मोबाइल हातात घेतला होता. ते नुसतं वेबपेज होतं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला, संपलं. पण त्या नंबरवर आपणच फोन करून कम्प्युटरचा ताबा दिला, ओटीपी सांगितला, तर फुकटचा काय, हजारोंचा अँटिव्हायरसही हतबल. त्या रात्री १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवला आणि बाबांचं खातं अ‍ॅडमिनवरून स्टँडर्ड केलं. आता काही इन्स्टॉल करायचं तर माझा पासवर्ड लागतो.

विकतचा घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. घरात सेटिंग बघणारं कोणी नसेल, अडल्यावर फोनवर बोलणारं माणूस हवं असेल, तर पैसे जरूर द्या. पुण्याच्या काटकर बंधूंनी १९९० च्या दशकात उभा केलेला क्विक हील आपल्या डोळ्यांदेखतच मोठा झालाय. फक्त मुदत संपायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आणि विंडोजचे अपडेट अडवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जगभर लाखो कम्प्युटर बंद पाडले, तेव्हा त्यावरचा अपडेट मार्चमध्येच आलेला होता.

आमचे वाचलेले पैसे १ टीबीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर गेले. रविवारी स्कॅन आटोपला की बाबा ती लावतात, कॉपी झाली की काढून कपाटात ठेवतात. झेरॉक्सच्या दुकानात जायला ८ जीबीचा एक वेगळा पेन ड्राइव्ह आहे, त्यावर मुलीने लाल टेप गुंडाळली आहे. घरी आला की उघडायचा नाही, थेट फॉरमॅट.