घरच्या गाण्याच्या मास्टरिंगसाठी रीपर घ्यावं का? घ्या भाऊ

आधी निकाल सांगून टाकतो. घरीच गाणं रेकॉर्ड करत असाल, नवीन असाल आणि मास्टरिंगला (म्हणजे तयार गाण्याला बाहेर देण्याआधी शेवटचा हात फिरवायला) कोणतं सॉफ्टवेअर घेऊ म्हणून रात्ररात्र युट्यूब पाहत बसत असाल तर रीपर टाका अन् मोकळे व्हा. ६० दिवस फुकट, एकही फीचर लॉक नाही. नंतर ६० डॉलर म्हणजे आपले पाच हजाराच्या वर थोडे, ते पण एकदाच, महिन्याचा हप्ता नाही. (धंद्यातून वर्षाला २० हजार डॉलरच्या वर कमावत असाल तर २२५ डॉलर, पण ती चिंता आपल्यातल्या कोणाला आहे बे.) ६० दिवसांनंतरही बंद पडत नाही, फक्त उघडताना लायसन घ्या म्हणून आठवण करत राहतं, पण म्हणून वर्षानुवर्षं तसंच नका चालवू, एवढे पैसे तर द्या त्या लोकांना.

दिसायला भंगार आहे, खोटं कशाला बोलू. करड्या खिडक्या, मेनूत मेनू, पहिल्या दिवशी डोकं गरगरतं. पण डाउनलोड एवढंसं आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवरही अडकत नाही.

मास्टरिंगपुरतं बोलायचं तर मास्टर ट्रॅकवर (जिथे सगळे ट्रॅक एकत्र येतात) रीईक्यू म्हणजे जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारा ईक्यू, मग रीकॉम्प म्हणजे मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारा कॉम्प्रेसर, शेवटी रीलिमिट म्हणजे ठरलेल्या हद्दीच्या वर आवाज न जाऊ देणारा लिमिटर, हे तिन्ही आतच येतात. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रेंडरच्या (म्हणजे शेवटची फाइल काढायच्या) खिडकीतलं ड्राय रन, फाइल न बनवता गाणं आतल्या आत चालवून तुम्हाला लाउडनेसचा आकडा देतं. स्पॉटिफाय गाणी साधारण −१४ लफ्सवर (लाउडनेसचं माप, आकडा शून्याच्या जेवढा जवळ तेवढं गाणं मोठं) आणून वाजवतं आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, −१ डीबीच्या खाली ठेवा म्हणतं, त्यामुळे लिमिटर दाबून दाबून −७ ला नेलेलं गाणं तिथे खालीच ओढलं जातं, वरून ढोलकीची थाप चपटी होते ती वेगळीच. आकडा समोर दिसला की हात आपोआप आवरतो. सतत डोळ्यासमोर मीटर पाहिजे असेल तर युलीनचं फुकटवालं टाका, आणि डायनॅमिक ईक्यू (एखादा सूर जास्त झाला तेव्हाच तो दाबणारा) लागला तर टीडीआर नोव्हा, तेही फुकट.

आता नागपूरकरांची खरी अडचण, कूलर. मे महिन्यात कूलर बंद करून बंद खोलीत एक अंतरा गाऊन दाखवा, मी मानतो. मग तो घरघराट आवाजात येतोच, आणि मास्टरिंगमध्ये सगळं वर उचललं की दोन ओळींच्या मधल्या जागेत कूलरच गातो. यावर रीपरमध्ये रीफर नावाचं प्लगइन (ट्रॅकवर लावायचं छोटं अवजार) आहे, त्याचा मोड सबट्रॅक्ट म्हणजे वजा करायचा ठेवायचा, जिथे फक्त कूलरच ऐकू येतो तेवढा तुकडा प्रोफाइल बनवायच्या चौकटीत खूण करून वाजवायचा म्हणजे ते त्या घरघराटाचा नमुना बनवतं, मग ती खूण काढून पूर्ण गाणं वाजवायचं. काम करतं पण जास्त ताणलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, म्हणून हे फक्त गाणाऱ्याच्या आवाजाच्या ट्रॅकवर आणि थोडंसंच, मास्टरवर नाहीच. त्यापेक्षा टेक चालू असेपर्यंत कूलर बंद, मग चालू, मग पुन्हा टेक, घाम येऊ द्या.

ओझोन एलिमेंट्स हे मास्टरिंगचं प्लगइनही लोक सुचवतात. त्याचा असिस्टंट गाणं ऐकून स्वतःच सेटिंग लावतो, घाई असेल तर बरं आहे आणि सेलमध्ये बऱ्याचदा स्वस्त मिळतं, पण त्याने काय केलं अन् कायले केलं हे नवीन माणसाला समजत नाही. बॅंडलॅबचं ऑनलाइन मास्टरिंग फुकट आहे, फाइल चढवा, तीन-चार तऱ्हांमधली एक निवडा, झालं. मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर डेमो पाठवायला पुरेसं, पण हार्मोनियम अन् आवाज एवढंच असलेल्या गाण्यावर माझ्या कानाला ते जरा जास्तच चकचकीत लागलं. क्रॅकवाल्या म्हणजे चोरीच्या सॉफ्टवेअर-संचाबद्दल विचारूच नका, व्हायरस घरी आणायचा असेल तर सीताबर्डीच्या बाजारात जाऊन पेन ड्राइव्ह बदलत बसा, तेही तेच काम करेल.

एक मात्र, हे सगळं साध्या मोबाइलच्या इयरफोनवर करू नका, बेस कळतच नाही. बंद कानाचे बरे हेडफोन, मग गाडीतल्या स्पीकरवर एकदा, मग आईच्या फोनवर.

आणि लायसन घेताना आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचं इंटरनॅशनल पेमेंट चालू करून घ्या, नव्या कार्डांवर ते मुळातच बंद असतं अन् लोक पेमेंट फेल झालं म्हणून रीपरला शिव्या देत बसतात.