अटॅकनंतर साधा इको, बबलवाला इको की एमआरआय?

बाबांना अटॅक आला, नागपूरला नेऊन स्टेंट टाकला, नस मोकळी झाली, तरी पंपिंग (हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर फेकते ते) 35 टक्केच दाखवून राहिलंय, मग आता हे वाढेल का? आपल्या इकडं यवतमाळ-गडचिरोलीकडच्या गावांतून पेशंट पोचेपर्यंत किती तास जातात हे माहीतच आहे, म्हणून हा प्रश्न लय घरांत पडतो.

पहिले हे समजून घ्या भाऊ, की नस उघडली म्हणजे स्नायू वाचला असं नाही. पाटाला पाणी आलं तरी सरीपर्यंत पोचलं का ते वेगळं पाहावं लागते. स्नायूतल्या बारीक केशवाहिन्या शाबूत असतील तर तो भाग नुसता सुन्न पडलेला असतो आणि काही आठवडे-महिन्यांत पुन्हा हलू शकतो, त्याच बंद झाल्या असतील तर तिथं मेलेल्या स्नायूचा डाग राहतो.

साधा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) स्वस्त, जवळ होतो, पण सुरुवातीच्या दिवसांत त्याला सुन्न आणि मेलेला यातला फरक दिसत नाही, भिंत हलत नाही एवढंच तो सांगते.

कॉन्ट्रास्ट इकोत, म्हणजे बबलवाल्या इकोत, हाताच्या विगोतून (सलाईनच्या सुईतून) बारीक वायूचे बुडबुडे सोडतात, लाल पेशीएवढे किंवा त्याहून लहान. मशीनमधून ध्वनिलहरींचा एक जोराचा झटका दिला की स्नायूतले बुडबुडे फुटतात, पडद्यावर भिंत काळी होते आणि मग पाहायचं: चार-पाच ठोक्यांत ती पुन्हा उजळली तर रक्त पोचून राहिलंय, सुधारायची आशा चांगली. काळीच राहिली तर कमी. ‘कॉन्ट्रास्ट’ ऐकून किडनीची भीती वाटते, पण यात अँजिओसारखं आयोडीनचं औषध नसते, वायू श्वासातून निघून जातो, रेडिएशनही नाही. अॅलर्जी क्वचित होते, आधी कशाची झाली असेल तर सांगाच. अडचण खरी ही की फुफ्फुसाचा आजार किंवा जाड छाती असली की चित्र नीट येत नाही, आणि वाचणारा सरावाचा लागतो. सगळीकडे होत नाही, म्हणून गाडी करण्याआधी फोन करा.

एमआरआय डाग किती खोल गेला ते जास्त नेमकं दाखवते, भिंतीच्या अर्ध्याहून जास्त जाडीत डाग असेल तर तो भाग सुधारणं कठीण. पण पाऊण-एक तास बोगद्यात पडून सारखा श्वास रोखायचा, दम लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते झेपत नाही, शिवाय किडनी फार खराब असेल तर एमआरआयसाठी टोचायचं औषध द्यायला डॉक्टर कचरतात. स्टेंट आहे म्हणून एमआरआय होत नाही हे मात्र खरं नाही, आजकालच्या स्टेंटला चालतो. किरणोत्सारी औषध टोचून स्नायूचा रक्तपुरवठा पाहायचा थॅलियम स्कॅनही असतो, त्यात रेडिएशन येते.

माझं मत विचाराल तर, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलेलं असेल किंवा बाबांना आडवं पडून श्वास रोखता येत नसेल तर कॉन्ट्रास्ट इको. बायपास करायचा की नाही असा मोठा निर्णय अडला असेल आणि तब्येत साथ देत असेल तर एमआरआय. आणि रिपोर्ट काहीही आला तरी उपचार तोच राहणार असं डॉक्टर म्हणत असतील, तर कापसाचे पैसे यात काहून घालता, गोळ्या चालू ठेवून सहा आठवड्यांनी साधा इको करा. पंपिंग 35 किंवा कमी असताना शॉक देणारं मशीन बसवायचं का, हेही स्टेंटनंतर सहसा तीन महिने थांबून, पुन्हा इको पाहूनच ठरवतात.

जन आरोग्य योजनेत तपासणी बसते का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. जाताना अँजिओची सीडी, आधीचे इको आणि ताजं क्रिएटिनिन सोबत ठेवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या तपासणीसाठी म्हणून आपल्या मनानं बंद करू नका, नवा स्टेंट गुठळीनं बंद पडू शकते.