बेडूक मोजायचे कसे: विजेरी, रेकॉर्डर, चौकट की पाण्याचा नमुना?

आंबोलीसारख्या ठिकाणी एका पावसाळ्यात उभयचरांची पाहणी करायची, तर कामाला लागण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. इथे कोण कोण आहे हे हवंय, की कोण किती आहे हे? बरीचशी निवड त्यावरच ठरते.

'कोण कोण' साठी माझं मत रात्रीच्या शोधफेरीला. डोक्याला विजेरी, पायात गमबूट, आणि अंधार पडल्यावर ठरलेला वेळ ओढा, झुडपं, सडा (कातळाचं पठार) पाहत फिरायचं. माणसं आणि तास नोंदवले की 'माणशी तासाला किती' असा आकडा मिळतो आणि दोन जागांची तुलना करता येते. खोट एकच, पण मोठी: सगळं नजरेवर चालतं. पानाआड बसलेला नखाएवढा झुडूप-बेडूक सरावलेल्याला दिसतो, नवख्याला नाही. म्हणून हंगामभर तीच माणसं ठेवा.

वेळ चुकली तर मात्र कोणतीच पद्धत वाचवत नाही. आंबोली टोड या बेडकाचंच घ्या; त्याचं शास्त्रीय वर्णन 2009 मध्ये झालं. पावसाच्या सुरुवातीला जांभ्याच्या कातळावर उथळ पाणी साचलं की मोजके दिवस त्यांची वीण चालते. तेव्हा सड्यावर जिकडेतिकडे दिसणारा हा प्राणी ऐन पावसाळ्यात शोधूनही सापडणं कठीण.

नेमकी इथे रेकॉर्डरची मदत होते. झाडाला बांधून ठेवला की तुम्ही नसतानाही तो रोज रात्री ऐकतो, तेही एकाच वेळी अनेक जागी. डोळ्यांना हुलकावणी देणारे झुडूप-बेडूक 'टिक-टिक' आवाजाने लगेच ओळखू येतात. पण ओरडतात ते मुख्यतः नर, आणि त्यावरून संख्या काढणं अवघड. शिवाय सह्याद्रीतला धो धो पाऊस आणि ओढ्याचा खळखळाट निम्मं रेकॉर्डिंग गिळून टाकतात. उरलेलं ऐकायला पुढचे कित्येक आठवडे राखून ठेवा.

'किती' हवं असेल तर चौकटीला पर्याय नाही. पाच बाय पाच मीटरची जागा चिठ्ठी टाकून निवडायची, चौघांनी चार कडांवरून आत सरकत प्रत्येक पान, प्रत्येक दगड उचलून पाहायचा आणि जसाच्या तसा परत ठेवायचा. काम कंटाळवाणं आहे, कित्येक चौकटी रिकाम्या निघतात, पण दर चौरस मीटरचा खरा आकडा इथेच मिळतो. जंगल आणि शेजारची काजूची बाग यांची तुलना करायची असेल तर मी हीच घेईन. देवगांडूळ, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बिनपायाचा उभयचर, तेही दगडाखाली, ओल्या मातीतच भेटतं. आंबोलीतलं एक देवगांडूळ तर 2003 पर्यंत शास्त्राला ठाऊकच नव्हतं. ते ना ओरडतं, ना झुडपावर चढतं.

पाणी गाळून त्यात प्राण्यांनी सोडलेला डीएनए तपासण्याचा सध्या बोलबाला आहे. ओढ्यातल्या जातींसाठी पद्धत उत्तम, पण पहिल्या हंगामात मी तिच्यावर पैसे घालणार नाही. आपल्या झुडूप-बेडकांच्या अंड्यांतून थेट छोटे बेडूकच बाहेर येतात, पाण्यात पोहणाऱ्या शेपटीवाल्या पिल्लाची (टॅडपोलची) अवस्था नसतेच. त्यामुळे नेमका हाच मोठा गट त्या नमुन्यातून निसटू शकतो.

यादी झाली तरी ती पुरी नसते, म्हणून न दिसलेल्या जातींचा अंदाज देणारं संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांचं सूत्र वापरा. समजा 18 जाती मिळाल्या, त्यांतल्या 4 जातींचा एकेकच बेडूक दिसला आणि 2 जातींचे दोन-दोन. मग 4 चा वर्ग भागिले 2 ची दुप्पट, म्हणजे 16 भागिले 4, म्हणजे किमान 4 जाती अजून नजरेआड असाव्यात. अंदाज 22 चा. पण ओळख चुकली तर सूत्रही चुकतं. मिनर्व्हारिया गटातले बेडूक एकमेकांसारखे इतके दिसतात, की खात्री नसेल तिथे नुसतं 'मिनर्व्हारिया' लिहून पोट, मांडी आणि पायाच्या पडद्याचे फोटो जोडलेले बरे.

तर पहिल्या हंगामासाठी शोधफेरी आणि जोडीला दोन-तीन रेकॉर्डर. वनखात्याकडे परवानगीचा अर्ज उन्हाळ्यातच द्या, आणि एका ओढ्यावरून दुसऱ्यावर जाताना गमबूट जंतुनाशकाने धुऊन वाळवा, कारण बेडकांना मारणारी काइट्रिड बुरशी चिखलासोबत पसरते.