वेअरहाउसची दोन मिनिटं

जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचं पाणी आमच्या चिपळूणच्या घरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं जवळजवळ काहीच वाचलं नाही. कपाटाच्या खालच्या खणातला करडा प्लेस्टेशनही गेला. मामाने तो मस्कतहून आणला होता. सोबत मार्करने नावं लिहिलेल्या सहा-सात सीड्या होत्या आणि त्यातली एक टोनी हॉक्स प्रो स्केटरची, म्हणजे टोनी हॉक या अमेरिकन स्केटरच्या नावाने निघालेल्या स्केटबोर्डच्या गेमची. चिखल धुऊन काढला तरी त्याचं झाकण उघडेना. बाबांनी तो इतर सामानाबरोबर रस्त्याकडेच्या ढिगात ठेवला. मी तेव्हा पुण्यात होते, फोटोत पाहिला.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी प्रो स्केटर 1 + 2 घेतला. 1999 आणि 2000 चे पहिले दोन भाग व्हिकेरियस व्हिजन्स या स्टुडिओने नव्याने बांधून सप्टेंबर 2020 मध्ये काढले होते. तेव्हापासून हा गेम मी पीएस4 वर सतत खेळत आले आहे, त्यामुळे हे मत चार दिवसांच्या कौतुकातलं नाही.

आमच्या त्या प्लेस्टेशनबरोबर मेमरी कार्ड नव्हतं. त्यामुळे काहीच सेव्ह व्हायचं नाही. 2004-05 ची गोष्ट, लोडशेडिंगचे दिवस. दादा आणि मी शाळेतून येऊन बसायचो आणि वीज गेली की सगळं शून्यावर. परत पहिल्या लेव्हलपासून, म्हणजे वेअरहाउसपासून. मॉल, मिनिॲपोलिस, सॅन फ्रान्सिस्को असे पुढचे टप्पे आम्ही सुट्टीच्या दिवशीच पाहिले. पण वेअरहाउस आम्हाला स्वतःच्या अंगणासारखं पाठ होतं. वरून सुटायचं, उतारावरून खाली, समोरची हाफपाइप, म्हणजे दोन्ही बाजूंनी वर चढणारा यू आकाराचा रॅम्प, फोडायची लाकडी खोकी, कोपऱ्यातली टॅक्सी, उंचावरची ती लपवलेली व्हिडिओ टेप. पाच कामं आणि त्यासाठी दोन मिनिटं. 5,000 गुण झाले की एक काम पुरं, 15,000 झाले की दुसरं.

नव्या गेममध्ये मी पहिल्यांदा त्या उताराच्या टोकावर उभी राहिले तेव्हा कंट्रोलर दुसरा, टीव्ही दुसरा, मधे सोळा-सतरा वर्षं गेलेली. तरी अंगठा आपोआप डावीकडे वळला आणि मी पहिल्याच फेरीत त्या टेपच्या वाटेला लागले. मला काही आठवावं लागलं नाही. एवढ्यावरूनच सांगते, काम प्रामाणिक झालंय. चित्र नवं केलं, भिंतींवर गंज आणि धूळ आणली, खिडक्यांतून ऊन आणलं, पण अंतरं तीच ठेवली. कुठून उडी मारली की कुठे पोचायचं, हे जुन्या हाताला जसंच्या तसं सापडतं. याच स्टुडिओने 2001 मध्ये दुसरा भाग गेम बॉय ॲडव्हान्सच्या एवढ्याशा पडद्यावर बसवला होता. मला वाटतं, या खेळात काय हलवायचं नाही हे त्यांना तेव्हापासून ठाऊक असणार.

आता खेळण्याबद्दल. मूळ पहिल्या भागात मॅन्युअल नव्हतं. उडी मारली, किकफ्लिप केली म्हणजे पायाने बोर्ड हवेत फिरवला, रेलिंगवर ग्राइंड केलं म्हणजे बोर्ड घासत नेला आणि जमिनीवर उतरलात की कॉम्बो, म्हणजे लागोपाठच्या ट्रिकची साखळी, संपला. दुसऱ्या भागात मॅन्युअल आलं, म्हणजे पुढची चाकं उचलून मागच्या दोन चाकांवर तोल सांभाळत जायचं, त्यामुळे जमिनीवरही साखळी तुटत नाही. तिसऱ्यात, 2001 मध्ये, रिव्हर्ट आलं, म्हणजे रॅम्पवर उतरताच बोर्ड झटकन वळवायचा, आणि रॅम्पवरून उतरतानाची फटही बुजली. नव्या गेममध्ये हे सगळं पहिल्या भागाच्या लेव्हल्सवरही चालतं. म्हणजे जे वेअरहाउस आम्ही तुकड्यातुकड्यांनी खेळायचो, ते आता एका दमात विणता येतं. रॅम्पवरून वर, हवेत ग्रॅब म्हणजे हाताने बोर्ड पकडणं, उतरताना आर2 दाबून रिव्हर्ट, लगेच वर-खाली दाबून मॅन्युअल, तसंच रेलिंगपर्यंत, तिथे त्रिकोण दाबून ग्राइंड. ग्राइंडमध्ये तोल डावीकडे-उजवीकडे जातो, मॅन्युअलमध्ये पुढे-मागे. प्रत्येक ट्रिकचे गुण जमा होत जातात आणि शेवटी ट्रिकच्या संख्येने गुणले जातात. एकच ट्रिक परत परत केलीत तर तिची किंमत उतरते, म्हणून हाताला सतत नवं काही शोधावं लागतं. आणि पडलात तर त्या कॉम्बोचं सगळं शून्य.

हे वाचून अवघड वाटेल, पण ज्यांनी मॅन्युअल कधी पाहिलंच नाही त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन पहिल्या भागाची जुनी पद्धत निवडावी. मी आठवडाभर तशीच खेळले, मग पुढे गेले. माझ्या सात वर्षांच्या भाचीसाठी न पडण्याची आणि तोल न जाण्याची सोय चालू करून दिली, तर ती अर्धा तास शाळेच्या लेव्हलमध्ये आनंदाने फिरत राहिली. एक मात्र ऐका, दिशेसाठी कंट्रोलरवरची काठी (ॲनालॉग स्टिक) वापरू नका, बाणांची बटणं वापरा. मॅन्युअलचं वर-खाली काठीवर चुकतं. अंगठा चार दिवस दुखेल, दुखू दे.

दोन मिनिटं संपली की घंटा वाजते, पण तुमचा कॉम्बो चालू असेल तर गेम थांबतो तो उतरल्यावरच. त्या शेवटच्या काही सेकंदांइतका जीव माझा दुसऱ्या कुठल्या गेममध्ये वर-खाली झालेला नाही. वेळ संपलेली आहे, लाखभर गुण हवेत लटकलेले आहेत आणि तुम्ही मागच्या दोन चाकांवर डुलत आहात. दादा शेजारी असला की श्वास धरून बसतो.

स्केटर्सबद्दल लिहायलाच हवं. मूळ गेममधल्या खेळाडूंत एकच बाई होती, एलिसा स्टीमर. दादा नेहमी टोनी हॉक घ्यायचा आणि मी एलिसा. इंटरनेट घरी नव्हतं, त्यामुळे ही खरी बाई आहे, अमेरिकेत व्यावसायिक स्केटिंग करते, हे मला कॉलेजात कळलं. ते कळलं त्या दिवशी मी किती खूश झाले हे अजून आठवतं. नव्या गेममध्ये ही सगळी माणसं त्यांच्या आजच्या वयाची दाखवली आहेत. टोनी हॉकचे केस पिकलेले, तो 2020 मध्ये 52 वर्षांचा होता. एलिसाही मोठी झालेली. मला हा निर्णय फार आवडला. आम्हीही मोठे झालोच ना. आणि आता तिच्या सोबतीला लेटिशिया बुफोनी, लिझी अरमँटो, आओरी निशिमुरा आहेत. भाचीला निवड करताना थांबून विचार करावा लागतो.

गाणी बहुतेक जुनीच परत आहेत. गोल्डफिंगर या बँडचं सुरू झालं की दादा स्वयंपाकघरातून धावत येतो.

जुलै 2025 मध्ये आलेला, तिसरा आणि चौथा भाग नव्याने बांधलेला 3 + 4 मात्र मी तितक्या खुशीने सुचवणार नाही. तो आयर्न गॅलेक्सी या दुसऱ्या स्टुडिओने केलाय. हात तसाच चालतो, तिसऱ्या भागाच्या कॅनडा आणि टोकियो या लेव्हल्स सुरेख झाल्यात. अडचण चौथ्या भागाची. मूळ चौथ्यात घड्याळ नव्हतं. मोकळं फिरायचं, माणसांशी बोलायचं, ती काम सांगतील ते करायचं. नव्यात त्यावरही दोन मिनिटांचं घड्याळ लावलं. वेअरहाउस दोन मिनिटांसाठीच बांधलेलं होतं, म्हणून तिथे ते घड्याळ जीव ओततं. चौथ्यातल्या कॉलेज किंवा अल्काट्राझ या लेव्हल्स रमत गमत बघायच्या जागा होत्या, तिथे तेच घड्याळ मागे लागल्यासारखं वाटतं. सेटिंगमध्ये वेळ वाढवता येतो, मी वाढवलाही, पण माणसांशी बोलून मिळणारी ती कामं त्याने परत येत नाहीत. कार्निव्हल आणि शिकागो या लेव्हल्स तर वगळूनच टाकल्यात. जुनी गाणीही मोजकीच. जवळच्या वस्तूला असा हात लावला की वाईट वाटतं.

तेव्हा घ्यायचा तर 1 + 2 घ्या आणि शक्यतो दुसरा कंट्रोलरही घ्या. पडदा दुभागून दोघांना शेजारी बसून खेळता येतं, ग्राफिटी नावाचा खेळसुद्धा आहे, ज्यात ट्रिक केलेली जागा तुमच्या रंगाची होते आणि मोठी ट्रिक करून दुसऱ्याने ती हिसकावून घ्यायची.

दिवाळीत चिपळूणला पीएस4 घेऊन गेले होते. आता तो वरच्या मजल्यावरच ठेवतो. वेअरहाउसमध्ये एका फेरीचा दादाचा आकडा 9 लाख 12 हजार, माझा 8 लाख 70. एलिसानेच मोडणार आहे.